तीन मोजेपर्यंत

जाहिराती संपून चित्र पुन्हा रिंगवर आलं, की एक मल्ल आधीच कोपऱ्यात उभा असे. त्याच्या येण्याला ना संगीत, ना दिव्यांचा झोत. अंगावर साधी एकरंगी चड्डी, चेहऱ्यावर किंचित अवघडलेपण. निवेदक त्याचं नाव, गाव आणि वजन एका दमात सांगून मोकळा होई. मग सभागृहात ओळखीची धून घुमे, लोक उठून उभे राहत आणि ज्याच्यासाठी सगळे जमले होते तो मल्ल येई. पुढच्या तीन-चार मिनिटांत काय घडणार, हे घरी टीव्हीसमोर बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक असे. कोपऱ्यातला माणूस हरणार.

१९९० ते १९९५ या काळात अमेरिकेतल्या टीव्हीवर व्यावसायिक कुस्तीच्या अशा असंख्य लढती झाल्या. त्या काळाची आठवण काढताना चाहते सहसा मोठ्या मैदानांकडे वळतात. टोरांटोच्या स्कायडोममध्ये १ एप्रिल १९९० रोजी अल्टिमेट वॉरियरने हल्क होगनला हरवलं, ती लढत. किंवा २९ ऑगस्ट १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये ब्रेट हार्ट आणि ब्रिटिश बुलडॉग यांच्यात झालेली झुंज. या लढती मोठ्याच होत्या. पण त्या काळाची नाडी लागते ती आठवड्याच्या टीव्हीवर, आणि त्या टीव्हीचा कणा होता तो कोपऱ्यातला, हरण्यासाठी आलेला माणूस. चाहत्यांच्या बोलीत तो 'जॉबर'. हरणं हेच त्याचं काम.

या रचनेमागे सरळ व्यवहार होता. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन (डब्ल्यूडब्ल्यूएफ) या कंपनीचे 'सुपरस्टार्स' आणि 'रेसलिंग चॅलेंज' हे कार्यक्रम देशभरातल्या स्थानिक केंद्रांवर दाखवले जात. एखाद्या शहरात एका रात्रीत अनेक आठवड्यांचे भाग चित्रित होत. नंतर प्रत्येक केंद्रासाठी त्या त्या शहरात होणाऱ्या पुढच्या कार्यक्रमाची माहिती आणि मल्लांच्या मुलाखती त्यात जोडल्या जात. टीव्ही ही जाहिरात होती. धंदा व्हायचा तो तिकिटाच्या खिडकीवर आणि वर्षातून साधारण चार वेळा येणाऱ्या पे-पर-व्ह्यू कार्यक्रमांवर. दोन नामवंत मल्ल टीव्हीवर फुकटात झुंजवले, तर पैसे मोजून ती झुंज पाहायला कोण येणार?

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे पहिला प्रश्न पडतो तो निकालाचा. निकाली कुस्ती आणि नुरा कुस्ती यांतला फरक ज्या मातीत पोरासोरांनाही कळतो, तिथे आधीच ठरलेल्या निकालाचं कौतुक कसलं? अमेरिकेत हे गुपितही उरलं नव्हतं. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे विन्स मॅकमेहन यांच्या कंपनीने, न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला खेळ करमणुकीचा असल्याचं स्वतःहून मान्य केलं होतं. त्यामुळे कोण जिंकलं, एवढ्यावर या लढतींचं मोल ठरवता येत नाही. निकाल पाहणाऱ्याला पटला का, तो कोणत्या क्षणी आला आणि तिथवर त्याला कुणी आणलं, हे पाहावं लागतं. नाटकाचा शेवट माहीत असूनही प्रेक्षक नटाच्या प्रवेशाची वाट पाहतो, तसंच हे.

या हिशेबात जॉबरचं काम फार मोलाचं ठरतं. २२ नोव्हेंबर १९९० रोजी 'सर्व्हायव्हर सिरीज'मध्ये अंडरटेकर पहिल्यांदा अवतरला. त्यानंतर कित्येक महिने टीव्हीवर तो अनोळखी मल्लांना उताणं पाडत राहिला, आणि हरलेल्या मल्लाला प्रेत न्यायच्या पिशवीत बंद करण्याची प्रथाच त्याने पाडली. त्याची दहशत मुलांच्या मनात बसली ती याच छोट्या लढतींमधून. योकोझुनाचंही तेच झालं. त्याचं प्रचंड वजन खरं वाटायचं, कारण त्याच्याखाली चिरडला जाणारा माणूस ते वजन अंगावर घेऊन दाखवत होता. समोरच्याचा डाव अंगाला इजा न होऊ देता झेलायचा आणि तरीही तो जीवघेणा भासवायचा, हे कसबाचं काम आहे. या काळातले बॅरी होरोविट्झ, स्टीव्ह लोम्बार्डी, ड्वेन गिल हे त्या कसबातले पक्के कारागीर होते.

होरोविट्झची तर एक खूण होती. एखादा डाव जमला, की तो हात मागे नेऊन स्वतःचीच पाठ थोपटायचा. त्याच्या जाकिटावर मागच्या बाजूला हाताचा पंजाच रंगवलेला असे. फ्लोरिडात बोरिस मालेन्को यांच्या तालमीत घडलेला हा मल्ल पद्धतशीर कुस्तीत वरच्या फळीतल्या अनेकांच्या तोडीचा होता. तरी वर्षानुवर्षं तो हरत राहिला.

याच वाटेने उद्याचे नायकही येऊन गेले. मिक फोली १९८६ मध्ये असाच एक हरणारा मल्ल म्हणून ब्रिटिश बुलडॉग्जसमोर उभा होता. १९९४ मध्ये रेझर रेमोनकडून टीव्हीवर हरलेला जेफ हार्डी तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता.

भारतात हे सगळं १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांबरोबर पोचलं. स्टारच्या प्राइम स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूएफ दिसू लागलं आणि पुण्या-मुंबईच्या चाळींतून, सोसायट्यांच्या जिन्यांवरून ट्रम्प कार्डचे डाव रंगले. उंची, वजन, छाती, दंड, रँक. त्या पत्त्यांवर लढती किती आणि जिंकल्या किती, असेही आकडे असत. विजयांचा आकडा मोठा असलेला पत्ता हातात आला, की मुलगा खुश. ते विजय मिळवून देणारी माणसं मात्र कोपऱ्यात उभी असायची.

कोपऱ्यातला माणूस हरणारच, या सवयीला पहिला मोठा धक्का बसला १९९३ मध्ये. ११ जानेवारी १९९३ रोजी यूएसए नेटवर्कवर 'मंडे नाइट रॉ' सुरू झालं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरचं ते सभागृह लहानसं होतं आणि प्रेक्षक रिंगला अगदी खेटून बसलेले. पहिल्या रात्री योकोझुनाने कोको बी. वेअरला हरवलं, स्टायनर बंधूंनी मुखवटे घातलेल्या एक्झिक्यूशनर्सना लोळवलं. म्हणजे जुनाच साचा. पण हवा बदलली होती. वरच्या मजल्यावरून येणारा आरडाओरडा, छोट्या जागेतली गर्मी आणि काही भागांचं थेट प्रक्षेपण, यामुळे पाहणाऱ्याला वाटू लागलं, की आज काहीतरी वेगळं घडू शकतं.

तसं घडलंही. २५ जानेवारीच्या भागात रिक फ्लेअर विरुद्ध मिस्टर परफेक्ट ही लढत झाली, आणि हरणाऱ्याने कंपनी सोडायची अशी तिची अट होती. फ्लेअर हा त्या काळातला सर्वांत मोठा कसबी मल्ल. जानेवारी १९९२ च्या 'रॉयल रंबल' या अनेक मल्लांच्या झुंजीत तो तिसऱ्या क्रमांकाने रिंगमध्ये उतरला आणि जवळपास तासभर टिकून विजेतेपद घेऊन बाहेर पडला. परफेक्ट, म्हणजे कर्ट हेनिग, हा त्याचाच सल्लागार राहिलेला. दोघांनी एकमेकांना ढकलत, आपटत, रक्त सांडेपर्यंत लढत नेली आणि परफेक्टने आपल्या खास सुपलेक्सवर ती जिंकली. फ्लेअर खरोखरच गेला. टीव्हीवरच्या लढतीला इतका मोठा परिणाम असू शकतो, हे त्या रात्री पहिल्यांदा ठसलं. साप्ताहिक टीव्हीवरची त्या वर्षातली सर्वोत्तम लढत हीच, यात खऱ्या रसिकाला शंका नसावी.

पण मनात घर करून राहिलेली लढत दुसरीच. १७ मे १९९३.

गेले काही आठवडे एक काटकुळा, वीस वर्षांचा पोरगा टीव्हीवर हरत होता. त्याचं नावही धड ठरलेलं नव्हतं. कधी नुसताच 'किड', कधी 'कामिकाझे किड', कधी 'कॅननबॉल किड'. त्या रात्री त्याच्यासमोर होता साडेसहा फुटांचा रेझर रेमोन, तोंडात काडी धरून तुच्छतेने बघणारा. रेझरने त्याला हवं तसं फेकलं, थपडा मारल्या, लोकांना हसवलं. आणि मग एका क्षणी रेझर कोपऱ्याजवळ पडला असताना पोरगा वरच्या दोरावर चढला, उलटी कोलांटी घेऊन त्याच्या छातीवर पडला आणि पंचाचा हात तीन वेळा जमिनीवर आपटला. सभागृहाचा विश्वास बसेना. रेझरचा तर त्याहून बसेना. त्या तीन मोजण्यांवरूनच पोराला नाव मिळालं: वन-टू-थ्री किड.

हा विजय इतका खरा का वाटला? कारण त्याआधी हजार वेळा तो घडला नव्हता. कोपऱ्यातला माणूस हरतो, हा नियम वर्षानुवर्षं शनिवारी सकाळी शिकवला गेला होता. होरोविट्झ, लोम्बार्डी आणि नावंही न आठवणाऱ्या त्या सगळ्यांच्या पराभवांवर या एका विजयाची इमारत उभी होती. पुढचं कथानकही त्याला साजेसं झालं. चिडलेल्या रेझरने पुन्हा लढण्यासाठी दहा हजार डॉलरांची पैज लावली, तर जून महिन्यातल्या लढतीत किड पैशांची पिशवीच उचलून पळाला. टेड डिबियासी या मल्लाने रेझरला त्या पराभवावरून हिणवलं, लोकांची सहानुभूती हळूहळू रेझरकडे वळली आणि खलनायक असलेला रेझर नायक झाला. चार-पाच मिनिटांच्या एका लढतीने तीन मल्लांच्या वाटा बदलल्या.

त्याच रात्री, त्याच कार्यक्रमात मार्टी जॅनेटीने शॉन मायकल्सकडून इंटरकॉन्टिनेंटल किताब हिसकावला. जानेवारी १९९२ मध्ये मायकल्सने ब्रूटस बीफकेकच्या 'बार्बर शॉप' या मुलाखतीच्या कार्यक्रमात याच जॅनेटीला लाथ मारून काचेतून भिरकावलं होतं, त्याचा तो हिशेब. एका तासात असे दोन धक्के त्या काळात दुसऱ्या कुठल्या भागाने क्वचितच दिले असतील.

दुसऱ्या बाजूला टेड टर्नर यांच्या टीबीएस वाहिनीवर वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंगचा बाज वेगळा होता. शनिवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सुरू होणाऱ्या त्यांच्या कार्यक्रमात जॉबर होतेच, पण तिथे 'टेलिव्हिजन किताब' नावाचा एक पट्टाही होता. तो टीव्हीवर, ठरावीक वेळेच्या मर्यादेत राखायचा असे. जून १९९१ मध्ये बॉबी ईटनकडून तो जिंकून स्टीव्ह ऑस्टिनने बराच काळ जवळ ठेवला. घड्याळ संपत आलं, की प्रेक्षकाचीही धडधड वाढायची. ऑस्टिन पुढे जो झाला त्याची बीजं या लढतींत स्पष्ट दिसतात. केस सोनेरी, पण अंगातला कडवेपणा तोच.

याच कंपनीचे 'क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स' हे विशेष भाग फुकट दाखवले जात. १९ नोव्हेंबर १९९१ रोजी सव्हाना शहरात झालेल्या भागात आर्न अँडरसन आणि लॅरी झबिस्को यांना डस्टिन रोड्स आणि बॅरी विंडहॅम यांच्याशी लढायचं होतं. पण त्या दोघांनीच गाडीच्या दारात चिरडल्यामुळे विंडहॅमच्या हाताला प्लास्टर होतं. त्याच्या जागी मुखवट्यामागून बाहेर आला रिकी स्टीमबोट, नुकताच परतलेला. अँडरसनच्या चेहऱ्यावरची ती भीती हा अभिनयाचा धडा आहे. स्टीमबोट आणि रोड्स जिंकले. लढत चांगली होतीच, पण ती अविस्मरणीय केली हरणाऱ्या अँडरसनने.

एप्रिल १९९३ मधल्या वेडर आणि कॅक्टस जॅक यांच्या दोन लढती मात्र पाहवत नाहीत आणि विसरवतही नाहीत. पहिल्या लढतीत जॅकचं नाक मोडलं, तरी तो जिंकला. आठवडाभराने वेडरने त्याला रिंगबाहेर, उघड्या काँक्रीटवर पॉवरबॉम्ब दिला. जॅक म्हणजे तोच मिक फोली, १९८६ चा जॉबर. कमालीची जोखीम घेऊन त्याने एक कथा उभी केली, आणि कंपनीने त्यावर स्मृतिभ्रंशाचं पोरकट कथानक चढवून ती वाया घालवली. त्या काळातली ही सर्वांत दुखरी चूक.

दुसरी उणीव दोन्ही कंपन्यांची. मोठे किताब अनेकदा साप्ताहिक टीव्हीच्या बाहेर हस्तांतरित होत. १२ ऑक्टोबर १९९२ रोजी सस्काटूनमध्ये ब्रेट हार्टने फ्लेअरला हरवून पहिल्यांदा जागतिक किताब जिंकला, पण टीव्हीच्या प्रेक्षकाला ती लढत दिसली नाही, नुसती बातमी मिळाली. ज्याने प्रत्येक आठवडा इमानाने पाहिला, त्याच्यावर हा अन्यायच होता.

ब्रेटने त्याची भरपाई ११ जुलै १९९४ रोजी 'रॉ'वर केली. समोर होता वन-टू-थ्री किड, पणाला जागतिक किताब. पंचाने तीन मोजले तेव्हा किडचा पाय दोरावर होता, हे लक्षात येताच विजेत्या ब्रेटनेच लढत पुन्हा सुरू करायला लावली. शेवटी ब्रेटच्या शार्पशूटर या पकडीत किड हरला. पण वर्षभरापूर्वी नावही नसलेला पोरगा आता विजेत्याच्या बरोबरीने लढू शकतो, हे त्या पराभवाने दाखवलं.

१९९५ च्या जुलैमध्ये होरोविट्झची पाळी आली. पीळदार शरीराचा तोरा मिरवणाऱ्या स्किपला त्याने टीव्हीवर हरवलं. समालोचक जिम रॉस यांचा आवाज आनंदाने फाटला. ऑगस्टमध्ये पिट्सबर्गच्या 'समरस्लॅम'मध्ये होरोविट्झने त्याला पुन्हा धूळ चारली आणि हात मागे नेऊन पाठ थोपटून घेतली.

त्यानंतर आठवडाभरानेच, ४ सप्टेंबर १९९५ रोजी मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंगच्या 'मंडे नायट्रो'चा पहिला भाग झाला. ब्रायन पिलमन विरुद्ध जपानचा जुशिन लायगर, स्टिंग विरुद्ध फ्लेअर, होगन विरुद्ध बिग बब्बा. आदल्या दिवसापर्यंत प्रतिस्पर्धी कंपनीत लढणारा लेक्स लुगर अचानक चालत आला. तासाभरात तीन लढती झाल्या आणि सहाही मल्लांची नावं प्रेक्षकांना पाठ होती. जाहिराती संपून चित्र पुन्हा रिंगवर आलं, तेव्हा कोपऱ्यात आधीपासून कुणीही उभं नव्हतं.