भोंग्यावरचं नांदेड

आम्हा माहूरकरांना नांदेड म्हणजे गुरुद्वारा आणि गोदावरी हे मागाहून. आधी उस्मानशाही मिल. निजाम मीर उस्मान अली खानांच्या नावाची ही कापडगिरणी. आमचा मुलूख डोंगराळ, शेती बेभरवशाची. घरचा एखादा मुलगा किनवटला आगगाडीत बसे, तो साचेखात्यात जाऊन उभा राही.

गिरणीत राबलेल्या म्हाताऱ्यांना मी पगार विचारला, तर ते भोंग्याचं सांगू लागले. मनगटी घड्याळ कुणाकडे होतं? भोंग्यावर चूल पेटे, भोंग्यावर पोरं शाळेला निघत. आमच्या आळीतल्या आजोबांच्या कानांत तर साच्यांचा खडखडाट असा बसला आहे, की घरातही ते ओरडूनच बोलतात. आजींची त्याला हरकत नाही. सारी आळी मात्र त्यांचा संसार ऐकते!

१९४८ साली निजामी गेली, गिरणीचं नाव राहिलं. १९७४ साली सरकारनं आजारी गिरण्यांबरोबर तीही ताब्यात घेतली. पुढे साचे थांबले.

नवरात्रात आजोबा रजा काढून गडावर येत आणि परतताना रेणुकामातेचा तांबूल नेत. खात्यातल्या हिंदू-मुसलमान सगळ्यांना त्याची चिमूट मिळे. गिरणी बंद झाली, पण हा रिवाज त्यांनी सोडला नाही. अजूनही कुणी नांदेडला निघालं, की आजी तांबुलाच्या पुड्या बांधतात आणि आजोबा मोठ्यानं पत्ते सांगतात. यंदा दोनच पुड्या बांधल्या.