सहा ठिपक्यांचे पाक्षिक

वसई-दिवा मार्गावरचे जूचंद्र रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून ओळखले जाते. या गावाचे नाव ब्रेलमध्ये उठवायला सात घरे लागतात : ज, ऊ, च, अनुस्वार, हलन्त, द आणि र. छापील मराठीत 'द्र' एका आकारात मावतो. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये हलन्ताचा एकुलता ठिपका आधी येतो आणि मग द, र ओळीने येतात. दारातल्या रांगोळीचे ठिपके डोळ्यांनी जुळवायचे, हे बोटांनी. एका घरात जास्तीत जास्त सहा ठिपके, त्यांत सगळी मराठी बसते.

या लिपीत पाठ्यपुस्तके होती, धार्मिक पुस्तकेही होती. नव्हती ती ताजी खबरबात. ती उणीव पत्रकार आणि नाट्यदिग्दर्शक स्वागत थोरात यांना जाणवली. १९९७ साली त्यांनी ८८ अंध कलावंतांना घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक रंगमंचावर आणले होते. पुढे पदरचे पैसे घालून १५ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला अंक, पाने सुमारे ५०. राजकारण, समाजकारण, आरोग्य, संगीत, असा कोणत्याही नियतकालिकात असावा तसाच मजकूर.

ब्रेल जागा फार खाते. ठिपके दबू नयेत म्हणून कागद जाड लागतो, आणि छापील एक पान उतरवायला ब्रेलची दोन-तीन पाने सहज लागतात. वजन वाढते, पण टपाल खाते ७ किलोपर्यंतच्या अंधसाहित्याला साध्या टपालाचे हशील लावत नाही. त्यामुळे असा अंक लहानशा गावातही पोचू शकतो.

आता मोबाइल सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असे विचारले जाते. ऐकून बातमी कळते, शुद्धलेखन कळत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच; बोटाखाली मात्र ऱ्हस्व-दीर्घाचे ठिपके वेगळे लागतात. परीक्षेला बसणाऱ्या, अर्ज लिहिणाऱ्या मुलाला हा फरक महत्त्वाचा असतो.

इथे दयेचा प्रश्नच येत नाही. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती वापरता येईल अशा रूपात मिळणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा दिल्या. त्यांतला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांचा. पण जागेची जाहिरातच वाचता आली नाही, तर ती राखीव असून काय उपयोग?

कायदा दिल्लीत झाला, तो पाळायचा आहे गल्लीत. जूचंद्र-नायगाव परिसरातल्या वाचनालयांनी, शाळांनी आणि मंडळांनी आपल्याकडे ब्रेल वाचणारे कोण आहेत याची चौकशी करावी आणि वर्षाच्या खर्चात एका ब्रेल नियतकालिकाची वर्गणी धरावी.