स्लीव्ह की बायपास? आधी स्वतःची फाइल उघडा

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारायला येणाऱ्या बहुतेकांचं निम्मं आधीच ठरलेलं असतं. कुणाच्या मेहुण्याचं स्लीव्ह झालेलं असतं, कुणी मोबाइलवर आधीचे आणि नंतरचे फोटो पाहिलेले असतात, कुणाला ऑफिसातल्या मैत्रिणीने मिनी बायपास सुचवलेलं असतं. मग पहिला प्रश्न येतो, ‘सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं?’ आहारतज्ज्ञ म्हणून अशा रुग्णांबरोबर काम करताना मला वाटतं, या प्रश्नातच गफलत आहे. विचारायचं ते हे: माझी ॲसिडिटी, माझी शुगर, माझं हिमोग्लोबिन आणि माझ्या चालू गोळ्या बघता मला कोणतं ऑपरेशन झेपेल? हा प्रश्न मागे राहतो, कारण काही गैरसमज पुढे उभे असतात.

‘ऑपरेशन म्हणजे चरबी काढून टाकणं’

चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन. त्यात त्वचेखालची चरबी जाते, अंगाचा आकार बदलतो; शुगर, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडकणं यांवर तो इलाज नव्हे. वजन कमी करण्याच्या, म्हणजे बेरिॲट्रिक, शस्त्रक्रियेत चरबीला हात लावत नाहीत. बदल करतात तो जठरात आणि आतड्यात, दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून.

‘सगळी ऑपरेशनं सारखीच, पोट लहान करायचं एवढंच’

इथे जरा थांबून समजून घेतलं, तर पुढचं सगळं सोपं जातं.

स्लीव्हमध्ये जठराचा फुगीर भाग, म्हणजे जवळजवळ ७५ ते ८० टक्के जठर, स्टेपलरने कापून शरीराबाहेर काढतात. मागे उरते केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला धक्का लावत नाहीत. कापलेल्या भागात भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात बनतं, त्यामुळे नुसती जागा कमी होत नाही, भूकही उतरते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं मधूनच कापून थेट या पिशवीला जोडतात. अन्न मोठं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. बाजूला पडलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचल्यामुळे जीएलपी-१सारखी संप्रेरकं वाढतात. पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि इन्सुलिनचं काम सुधारतं. हे ऑपरेशन काही कालपरवाचं नाही. अमेरिकेत आयोवातले सर्जन एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी त्याबद्दल १९६७ मध्ये लिहिलं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मिनी बायपासमध्ये जठराची लांब नळी करून तिला आतडं एकाच ठिकाणी जोडतात. ड्युओडेनल स्विच हे सगळ्यांत जोरदार ऑपरेशन. त्यात वजनही सर्वाधिक उतरतं आणि कुपोषणाचा धोकाही सर्वाधिक असतो, म्हणून ते फार थोड्यांसाठी राखून ठेवतात. जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत एकेकाळी खूप चालली. पट्टा सरकणं, जठरात रुतणं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागणं यामुळे ती मागे पडली. जठरात सोडायचा फुगा ही शस्त्रक्रियाच नव्हे. नेहमीच्या प्रकारातला फुगा साधारण सहा महिन्यांनी काढतात आणि तो निघाल्यावर वजन परत येणं नेहमीचंच.

‘स्लीव्ह सगळ्यांत साधं, म्हणून आधी तेच करून बघावं’

सगळ्यांत जास्त नुकसान मला या समजुतीने होताना दिसतं. स्लीव्हला वेळ कमी लागतो, जोड नसतो, आतडं जागेवर राहतं, हे सगळं खरं. पण ‘करून बघण्या’सारखं त्यात काही नाही. कापलेलं जठर परत बसवता येत नाही. उलट बायपास क्वचित, गरज पडलीच तर, पुन्हा पूर्ववत जोडता येतं, कारण त्यात जठर काढून टाकलेलं नसतं.

खरी अडचण ॲसिडिटीची. एक ताई आल्या होत्या. नणंदेचं स्लीव्ह झालं, तीस किलो उतरले, म्हणून यांनाही स्लीव्हच हवं होतं. बोलता बोलता त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि त्याबरोबर ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी बाहेर आली. कधीपासून घेता म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “त्या होय? त्या तर रोजच्याच. रात्री दोन उशा घेऊन झोपते, नाहीतर घशाशी येतं.” फॉर्मवरच्या ‘चालू औषधं’ या रकान्यात त्यांनी ‘काही नाही’ असं लिहिलं होतं, कारण ॲसिडिटीच्या गोळीला आपल्याकडे कुणी औषध मानत नाही. पुढे एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात जखमा दिसल्या, आणि सर्जनने त्यांना बायपास सुचवलं.

असं का, तर स्लीव्हनंतर जठराची नळी अरुंद होते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. बायपासच्या छोट्या पिशवीत आम्ल फारसं बनतच नाही. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना झाली आणि दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्के जणांना दिसला, बायपासच्या गटात ७ टक्के जणांना. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ असह्य होऊन शेवटी बायपास करून घ्यावं लागणारे रुग्ण जगभर आहेत. म्हणून स्लीव्ह ठरवण्याआधी एंडोस्कोपी करून घ्या, त्रास नसला तरी.

स्लीव्ह वाईट असं मात्र कुणी समजू नये. संधिवातामुळे वेदनाशामक गोळ्यांशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांना बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. त्यांच्यासाठी स्लीव्ह सुरक्षित. क्रोन्ससारखा आतड्याचा आजार असेल, पोटाच्या आधीच्या ऑपरेशनांमुळे आतडी चिकटलेली असतील किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील, तरीही कल स्लीव्हकडेच असतो. जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे आणि बायपासनंतर बाजूला पडलेल्या जठरात नेहमीची दुर्बीण पोचत नाही, म्हणून तिथले सर्जन स्लीव्हला पसंती देतात. निवड अशी कारणांवरून होते.

‘जाहिरातीत ७० टक्के म्हणतात, म्हणजे शंभर किलोचे तीस होणार’

ही टक्केवारी एकूण वजनाची नसते, जादा वजनाची असते. उंचीप्रमाणे वजन ६० हवं आणि आहे १००, तर जादा ४०. त्याच्या ५० टक्के म्हणजे २० किलो. फिनलंडच्या याच अभ्यासात दहा वर्षांनी जादा वजनापैकी सरासरी सुमारे ४४ टक्के स्लीव्हने आणि ५२ टक्के बायपासने उतरलेलं होतं. पहिल्या वर्ष-दीड वर्षात आकडा याहून चांगला दिसतो आणि जाहिरातीत तोच छापतात. सल्ल्याला गेल्यावर पाच किंवा दहा वर्षांनंतरचा आकडा विचारा.

‘बायपास केलं की डायबिटीस कायमचा गेला’

क्लीव्हलंड क्लिनिकमधल्या १५० रुग्णांच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा एचबीए१सी ६ किंवा त्याखाली आणता आला तो बायपासनंतर २९ टक्के जणांना, स्लीव्हनंतर २३ टक्के जणांना आणि फक्त औषधांवर ५ टक्के जणांना. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा मोठा आहे आणि तरीही तो सगळ्यांना मिळत नाही. डायबिटीस चार-पाच वर्षांचा असेल, इन्सुलिन लागत नसेल, तर आशा जास्त. पंधरा-वीस वर्षं इन्सुलिनवर असलेल्याने शुगर आटोक्यात येईल, डोस उतरेल, एवढी अपेक्षा ठेवावी. सुटलेला डायबिटीस काही वर्षांनी परत डोकं वर काढू शकतो, म्हणून दरवर्षी तपासणी हवीच. शुगरच्या बाबतीत बायपासचं पारडं थोडं जड आहे. पण तेवढ्यावरून डायबिटीस असलेल्या प्रत्येकाला बायपासच करा म्हणणं बरोबर नाही.

‘मिनी बायपास म्हणजे छोटं ऑपरेशन’

मिनी आहे ते जोडांची संख्या. आतडं टाळण्याचं काम मुळीच छोटं नाही; बरेचदा दीड-दोन मीटर आतडं बाजूला पडतं. फ्रान्समध्ये नऊ केंद्रांवर झालेल्या तुलनेत (२०१९) दोन वर्षांनी वजन नेहमीच्या बायपासइतकंच उतरलेलं दिसलं, मात्र जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी मिनीच्या गटात जास्त होत्या. त्या अभ्यासात २०० सेंटिमीटर आतडं टाळलं होतं, हे ध्यानात ठेवायला हवं. त्याहून कमी लांबी ठेवणारे सर्जनही आहेत. शिवाय पित्तरस जठराच्या नळीत उलटा येण्याची शक्यता राहते. तेव्हा कुणी मिनी बायपास सुचवलं, तर किती सेंटिमीटर आतडं टाळणार, हे विचारा. सर्जनला या प्रश्नाचा राग येण्याचं कारण नाही.

‘गोळ्या-बिळ्या दुकानदारी आहे, नीट जेवलं की झालं’

इथे माझा आवाज जरा चढतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग टाळलेला असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मासिक पाळीत अंगावर जास्त जाणाऱ्या, हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या बाईने बायपास करून लोहाची गोळी बंद केली, तर पुढे काय होतं ते सांगायला नको. बी-१२ प्राणिज पदार्थांतून येतं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, आणि ऑपरेशननंतर आणखी घसरतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा असे त्याचे परिणाम. पहिल्या महिन्यांत सतत उलट्या होत असतील तर बी-१ची कमतरता मेंदूपर्यंत पोचू शकते. उलट्या अंगावर काढू नका. स्लीव्हनंतरही गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या जन्मभर घ्यायची तयारी नसेल तर निदान बायपासच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जेवणाचं म्हणाल, तर ताट बदलतं, संपत नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि जागा तर लहान. म्हणून क्रम उलटा करायचा: आधी पनीरचे तुकडे, अंडं किंवा मासळी, मग घट्ट मुगाचं वरण, मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. अर्ध्या वाटीला वीस-पंचवीस मिनिटं लागली तर लागू द्या. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने. बायपास झालेल्याने लग्नात वाटीभर बासुंदी घेतली, तर थोड्याच वेळात पोटात कळ, घाम, धडधड, चक्कर असं सगळं एकदम होऊ शकतं. दोन्ही ऑपरेशनांनंतर दारू पटकन आणि जास्त चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हे घरच्यांनाही माहीत हवं. मूल हवं असेल त्यांनी १२ ते १८ महिने थांबावं. वजन उतरल्यावर पीसीओएस असलेल्या स्त्रियांना दिवस लवकर राहू शकतात, तेव्हा गर्भनिरोधनाचं आधीच विचारून घ्या.

‘दीडशे किलो झाल्याशिवाय ऑपरेशन कशाला?’

भारतीय माणसाला कमी वजनातच पोटाभोवती चरबी साठून डायबिटीस गाठतो. म्हणून २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार बीएमआय २७.५ पासून करावा असं सांगितलं. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हे होतात साधारण ६६ किलो. प्रत्येकीने या वजनाला ऑपरेशन करून घ्यावं असा त्याचा अर्थ नाही. आजार काय आहेत हे आधी बघायचं. इथे एक व्यावहारिक पेच आहे. आपल्याकडच्या विमा नियमांनुसार खर्च मिळतो तो बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ असून हृदयरोग, झोपेतला श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ डायबिटीस असे गंभीर आजार असतील तर. त्याच बाईसाठी ४० म्हणजे ९६ किलो आणि ३५ म्हणजे ८४. त्यामुळे डॉक्टर हो म्हणतात आणि विमा कंपनी नाही, असे रुग्ण मधल्या मध्ये अडकतात. पॉलिसी आधी वाचा.

‘जिवाला धोका आहे, त्यापेक्षा इंजेक्शन बरं’

चांगल्या केंद्रात पहिल्या महिन्यातला मृत्यूचा धोका हजारात एक-दोन किंवा त्याहून कमी, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचं आयुष्य तशाच, पण ऑपरेशन न केलेल्या लठ्ठ माणसांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त निघालं. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं प्रभावी आहेत. टिर्झेपेटाइड आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं. पण इंजेक्शन थांबवल्यावर वजन परत चढतं. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनच्या अभ्यासात ते थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. थोडं जादा वजन असेल तर इंजेक्शन आधी करून बघणं शहाणपणाचं. बीएमआय चाळिशी ओलांडून गेला असेल तर शस्त्रक्रियेची गोष्ट टाळत बसू नये.

सल्ल्याला जाताना एंडोस्कोपीचा रिपोर्ट, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्वाच्या तपासण्या, आणि औषधांच्या दुकानातून स्वतःहून आणलेल्या गोळ्यांसकट सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या. स्लीव्ह आणि बायपास दोन्ही करणाऱ्या सर्जनला भेटा. मला हेच का, दुसरं का नाही, आणि पाच वर्षांनी माझी तपासणी कोण करणार, हे विचारा. तुमचे रिपोर्ट न उघडता ऑपरेशनचं नाव आणि पॅकेजची रक्कम सांगणाऱ्याकडे संमतिपत्रावर सही करू नका.