दोन नोकऱ्यांच्या मधली एसटी

सकाळची सव्वाआठची फास्ट. डोंबिवली स्टेशन. लेडीज डबा जिथे थांबतो तिथे आपण दबा धरून उभ्या. तेवढ्यात शेजारच्या ट्रॅकवरून एखादी लांब पल्ल्याची गाडी धडधडत जाते. खिडकीत कुणीतरी पाय वर घेऊन निवांत चहा पीत बसलेलं दिसतं. आपल्या खांद्यावर लॅपटॉप, हातात डबा आणि डोक्यात एकच प्रश्न, 'यार, मी त्या गाडीत का नाही?'

आलाय ना हा विचार तुमच्याही डोक्यात? गर्दीच्या पहिल्या धक्क्याबरोबर तो पळून जातो, हेही माहितीये. दोन वर्षांपूर्वी माझा मात्र पळाला नाही. लोअर परळच्या एका पीआर एजन्सीत मी काम करत होते. दुसरीकडची ऑफर हातात आली, तेव्हा धीर करून विचारलं, ''दोन महिन्यांनी जॉइन झाले तर चालेल?'' पलीकडून चक्क 'हो' आलं! मास कॉमची डिग्री घेतल्यापासून पाच वर्षांत चार दिवसांपेक्षा मोठी रजा मी घेतली नव्हती. आता साठ दिवस, फक्त माझे!

खरी मुलाखत घरी झाली. आईचे प्रश्न तयारच होते. ''घराचे हप्ते? उद्या ऑफरच रद्द झाली तर? आणि लोक विचारतील, मुलगी घरी का बसलीये, तर काय सांगायचं?'' बाबा पेपरातून डोकं वर काढून एवढंच म्हणाले, ''परत यायची तारीख ठरवलीयेस ना? मग जा.''

बजेट? एसटी झिंदाबाद!

ब्रेक म्हटलं की लडाख, बाली, नाहीतर युरोप असंच डोळ्यांसमोर येतं. परभणी जिल्ह्यातला पत्रकार विष्णुदास चापके तर २०१६ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला आणि ३५ देश पालथे घालून २०१९ मध्ये परतला. सलाम! पण माझ्या अकाउंटमधले पैसे पाहता मला आपलं कोकणच बरं होतं. त्यात २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. म्हणजे सोने पे सुहागा!

ठाण्याहून एसटीने अलिबाग, तिथून मुरूड. मग आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघी. श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून पुन्हा बोट, की वेश्वी. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव. दाभोळहून तिसरी बोट, की धोपावे आणि पुढे गुहागर. एका गावात चार दिवस, दुसऱ्यात सहा. कुणाच्या तरी घरगुती खानावळीत जेवायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी समुद्रावर. पहिला आठवडा हात आपोआप मोबाइलकडे जायचा. मेल आलं असेल? कुणाचं? मी तर कुठल्याच कंपनीत नव्हते! दुसऱ्या आठवड्यात ते थांबलं. खरी सुट्टी तिथून सुरू झाली.

एकोणिसावा दिवस

गुहागरला सकाळी सहाला फोन वाजला. आई. ''घाबरू नकोस,'' अशी सुरुवात झाली, की घाबरायलाच होतं. रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं. शेजारच्या काकांनी रिक्षातून त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. अँजिओप्लास्टी करावी लागणार होती.

मी सॅक भरून चिपळूण गाठलं. दुपारची मांडवी एक्स्प्रेस मिळाली. खिडकीची जागाही मिळाली, पण चहा घशाखाली उतरेना. रात्री ठाण्याला उतरून लोकलने डोंबिवली.

बाबा वाचले. पण डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर कार्ड पुढे केलं तेव्हा कळलं, आई-बाबा ज्या ग्रुप पॉलिसीत होते, ती माझ्या जुन्या कंपनीची. माझ्या शेवटच्या वर्किंग डेला त्यांचं कव्हर संपलं होतं आणि नव्या कंपनीचं माझ्या जॉइनिंगला सुरू होणार होतं. मधले साठ दिवस आम्ही तिघंही उघड्यावर! बिल झालं २ लाख ३० हजार. आईने एफडी मोडली. त्यावर ती आजवर एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

मी सगळं प्लॅन केलं होतं हो! सनस्क्रीनसुद्धा लिस्टमध्ये होतं. लिस्टमध्ये नव्हते ते आई-बाबा. ब्रेक माझा, पगार माझा, सेव्हिंग माझं, मग निर्णयही माझाच, असा माझा हिशेब. पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पगारावर आणखी दोन माणसं उभी असतात. आपण खुर्चीवरून उठलो, की त्यांच्याही पायाखालचं काहीतरी हलतं. म्हणून ब्रेक घेऊ नये? मुळीच नाही. पण आधी त्या माणसांची सोय लावा. 'जाऊ का?' असं परवानगीपुरतं विचारू नका, 'मी नसताना काय लागेल?' असं विचारा.

कपाटातले गोडसे भटजी

उरलेला ब्रेक मी घरीच काढला. बाबांच्या गोळ्या, पथ्याचं जेवण, संध्याकाळी गच्चीवर हळूहळू फेऱ्या. वेळ जावा म्हणून त्यांच्या कपाटातलं 'माझा प्रवास' मोठ्याने वाचायला घेतलं. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, असं कळल्यावर १८५७ मध्ये काकांबरोबर निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. कमावलेलं बरंचसं लुटलं गेलं. अडीच-तीन वर्षांनी घरी पोचले. त्यांची ही हकिगत १९०७ मध्ये छापून आणली ती चिंतामणराव वैद्यांनी. ''म्हणजे आपल्या कल्याणचे हं!'' बाबा कॉलर ताठ करून म्हणाले.

मी ऐकवत होते प्रवास, पण मनात येत होते वरसईला मागे राहिलेले लोक. फोन नाही, मेसेज नाही, माणूस जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही. मला निदान सकाळी सहाला फोन तरी आला.

बाबांनी आयुष्यभर डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळ्या केल्या. एका संध्याकाळी गच्चीवर सहज म्हणाले, ''एसटीची ती 'आवडेल तेथे प्रवास' योजना १९८८ मध्ये निघाली ना, तेव्हा कल्याण डेपोत जाऊन पासची चौकशी करून आलो होतो.''

''मग?''

''मग काय? रजा मिळाली नाही. नंतर लग्न झालं, नंतर तू झालीस. राहूनच गेलं.''

निघण्यापूर्वी एवढं करा

* विमा : आई-बाबांची स्वतंत्र पॉलिसी ब्रेकच्या बऱ्याच आधी काढा. आधीच्या आजारांना वेटिंग पीरियड असतो. ग्रुप कव्हर वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हे राजीनाम्याआधी विचारा.
* पीएफ : काढू नका. यूएएन तोच राहतो, रक्कम नव्या नोकरीत ट्रान्सफर करा. पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर टॅक्स बसू शकतो.
* हप्ते : ब्रेकचे महिने अधिक आणखी तीन, एवढ्या महिन्यांचे पैसे वेगळे ठेवा. फुल अँड फायनलच्या भरवशावर राहू नका.
* कागद : नवी जॉइनिंग डेट लेखी घ्या. रिलीव्हिंग लेटर हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका.

नव्या ऑफिसने जॉइनिंग आणखी दोन आठवडे पुढे ढकलू दिलं. तिथे दीड वर्ष काम केलं, आता फ्रीलान्स लिहिते. मोडलेल्या एफडीइतके पैसे आईच्या नावावर परत टाकले. त्यानंतर पहिल्यांदा पॉलिसी घेतली, मग नवी सॅक!

बाबांनी गेल्या वर्षी ६५ पूर्ण केली. म्हणजे एसटीत त्यांनाही अर्धं तिकीट. डॉक्टरांनी प्रवासाला हिरवा कंदील दाखवलाय. या डिसेंबरात दोघं गुहागरला जातोय, माझा विसावा दिवस तिथेच राहिलाय ना! बाबा पुन्हा पासची चौकशी करायला निघाले होते. मी म्हटलं, ''बाबा, पास कशाला? तुमचं अर्धं आणि माझं अर्धं, एका तिकिटात दोघं!''

परत यायची तारीख ठरलीये. या वेळी ती आईने ठरवलीये.