सोंग आणि माणूस : निळू फुले

श्रोतेहो, नाटक-चित्रपटांत नायकाच्या वांट्यास फुलांच्या माळा येतात आणि दुष्ट पाटलाचें सोंग घेणाऱ्याच्या वांट्यास शिव्याशाप. ही वांटणी न्यायाची आहे कां, हें पाहण्यास कै. निळू फुले यांचें चरित्र फार उपयोगी पडतें.

चरित्र-अभिनेता म्हणजे कोण, तें आधीं पाहूं. त्याजपाशीं नायकाचें रूप व तारुण्य नसलें तरी चालतें. परंतु पाटील, सावकार, मास्तर, वार्ताहर यांची चाल, ढब आणि बोलणें त्यानें असें उतरवावें लागतें कीं, प्रेक्षकास आपल्या ओळखीचा कोणीतरी आठवावा.

निळूभाऊंचा जन्म १९३० सालीं पुण्यास झाला. तेथील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं माळ्याचें काम केलें. त्याचबरोबर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून लोकनाट्यें केलीं. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानें त्यांचें नांव झालें. १९६८ सालीं, वयाच्या सुमारें ३८ व्या वर्षीं, अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटांत ते झेलेअण्णा झाले. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकांत, नवऱ्यांनीं टाकलेल्या स्त्रियांना घरीं आणून ठेवणारा सखाराम त्यांनीं उभा केला. तें नाटक न्यायालयापर्यंत गेलें.

पुढें डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आला. १९७५ सालीं तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवांतहि गेला. त्यांत डॉ. श्रीराम लागू यांचा व्यसनी मास्तर आणि निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील अशी गांठ आहे. सहकारी साखर कारखाना, शाळा, सारा गांव पाटलाच्या मुठींत. आणि मारुती कांबळे या नाहींशा झालेल्या माणसाविषयीं मास्तर विचारीत राहतो. हा पाटील क्वचितच ओरडतो. तो आदरातिथ्य करतो, हंसतो, शब्द सावकाश सोडतो. भीति वाटते ती त्या सावकाशपणाची.

मी ज्या शहापूर-मुरबाडकडील आहें, तेथें उसाचे मळे नाहींत. भात, नाचणी आणि जंगल हेंच आमचें धन. तरी हा पाटील आम्हांस परका वाटला नाहीं. उचल देऊन सबंध कुटुंबें वीटभट्टीवर बांधून घेणारा मालक, किंवा पीक शेतांत उभें असतांनाच त्याचा भाव ठरविणारा सावकार, यांनीं आवाज चढविलेला कितीकांनीं ऐकला असेल? ज्याच्या हातीं सत्ता असते त्यास ओरडावें लागत नाहीं. हें मर्म निळूभाऊंनीं बरोबर हेरलें होतें.

आतां शिव्याशापांविषयीं. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेची मोठी यात्रा भरते. तेथें तमाशा पाहणारा शेतकरी वगांतल्या राजास खरा राजा समजत नाहीं. रंग पुसल्यावर तोच कलावंत शेजारीं चहा पितांना त्यास दिसतो. पडद्यावर हें रंग पुसणें दिसत नाहीं. म्हणूनच अनेक भोळ्या बायाबापड्या निळूभाऊंना प्रत्यक्षांतहि दुष्टच मानीत.

प्रत्यक्षांत हा गृहस्थ सेवा दलाच्या समाजवादी संस्कारांतला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीस त्यांनीं साथ दिली. पूर्णवेळ सामाजिक कार्य करणाऱ्यांना मानधन मिळावें यासाठीं सामाजिक कृतज्ञता निधि उभारला गेला, तेव्हां डॉ. लागूंसमवेत ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग करून त्यांनीं निधि जमविण्यास हातभार लावला. १९७९ च्या ‘सिंहासन’ मध्यें त्यांनीं दिगू टिपणीस हा वार्ताहर साकारला. राजकारणाचा सारा खेळ उघड्या डोळ्यांनीं पाहून अखेर त्याचें चित्त ढळतें. ज्यांनीं त्यांना केवळ खलनायक मानलें, त्यांनीं ती भूमिका अवश्य पाहावी. १९९१ सालीं संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना लाभला. १३ जुलै २००९ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

श्रोतेहो, अशा नटास मिळालेली शिवी ही एका परीनें दादच होय. परंतु तेवढ्यानें प्रेक्षकाचें कर्तव्य संपत नाहीं. नट रंग पुसून आपल्या घरीं जातो. खरा पाटील, खरा सावकार मात्र गांवांतच राहतो. पडद्यावर पाहून आलेला राग ज्याचा त्यास पोंचविण्याचें धैर्य अंगीं आलें, तर निळूभाऊंनीं सोसलेले शिव्याशाप सार्थकीं लागले असें म्हणतां येईल.