जगाचा बाजार आणि आपला परिसर

वर्तमानपत्रांत सध्या आयातशुल्क, निर्बंध, व्यापारयुद्ध हे शब्द वारंवार वाचायला मिळतात. १९९१ नंतर देशोदेशीचे बाजार एकमेकांना खुले होत गेले. आता अनेक देश पुन्हा कुंपणे घालू लागले आहेत. अशा वेळी एखाद्या प्रदेशाने आपली भरभराट कशी टिकवावी? उत्तर शोधायला आपल्या बडोद्याहून फार लांब जायला नको. दक्षिणेला सुरत आहे, वायव्येला आणंद. या दोन्ही ठिकाणांकडे जरा बारकाईने पाहू.

जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात. कारागिरी अव्वल दर्जाची. पण कच्चा हिरा परदेशातून येतो आणि तयार मालही मुख्यतः परदेशातच विकला जातो. २००८ च्या मंदीत तिथे अनेकांची कामे गेली. २०२४ मध्ये जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. यात कारागिराची काहीच चूक नव्हती, तरी झळ त्याच्याच घराला बसली.

आता आणंद. १९४६ पूर्वी खेडा जिल्ह्यातले दूध मुंबईला जाई, पण नफा मधल्यांच्या खिशात राही. शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने सहकारी संघाची नोंदणी झाली. तोच पुढे ‘अमूल’ म्हणून घरोघरी पोहोचला. इथे म्हैस गावातली, डेअरी जिल्ह्यातली, गिऱ्हाईक देशातले आणि नफा पुन्हा गावात.

म्हणून जगाशी संबंधच नको, असे मात्र आम्ही म्हणत नाही. १९४९ मध्ये आणंदला आलेले वर्गीस कुरियन अमेरिकेत शिकलेले होते. म्हशीच्या दुधाची भुकटी करता येणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ म्हणत. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. १९७० मध्ये ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली, तेव्हा युरोपातून दूध भुकटी देणगी म्हणून आली. ती फुकट वाटली असती, तर आपल्या शेतकऱ्याच्या दुधाचा भाव पडला असता. तिच्यापासून केलेले दूध रास्त दराने विकून त्या पैशातून देशात डेअऱ्या उभारल्या. मदत घेतली, पण आपल्या अटींवर.

आणंदचा मार्गही विनासायास नाही. जनावरांना चारा लागतो, चाऱ्याला पाणी लागते. उत्तर गुजरातेत भूजल खोल गेले आहे. पाणी संपले तर सहकारही दूध देणार नाही. टिकाऊ वाढ म्हणतात ती हीच : आजची कमाई करताना उद्याची विहीर आटू न देणे.

सुरतेने हिरे सोडावेत, असा याचा अर्थ नाही. पण एकाच देशाच्या गिऱ्हाइकावर सारा संसार उभा करू नये, एवढा बोध जरूर घ्यावा.

विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या व्यवसायाला किंवा आई-वडिलांच्या कारखान्याला चार प्रश्न लावून पाहावेत : कच्चा माल कुठून येतो? गिऱ्हाईक कुठे आहे? नफा कुठे राहतो? आणि पाणी, जमीन किती खर्ची पडते? पालकांनी या चर्चेत जरूर भाग घ्यावा. मुलाने पुढे काय शिकावे हे ठरवतानाही हेच प्रश्न उपयोगी पडतील.