कोरीव

‘स्टॅच्युएस्क’ या इंग्रजी शब्दाने एकदा माझी चांगलीच फजिती केली. वर्तमानपत्रात नवा होतो. एका परदेशी नटीवरचा लेख मराठीत आणायचा होता. तिच्या वर्णनात हा शब्द आला आणि मी बेधडक लिहून टाकले, ‘पुतळ्यासारखी दिसणारी ही अभिनेत्री...’ ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, ‘‘बाई हयात आहेत ना? मग चौकात कशाला उभं केलंत त्यांना?’’

इंग्रजीत त्या शब्दात उंची असते, भरदार बांधा असतो, संथ दिमाख असतो. मराठीत पुतळ्याच्या वाट्याला हे काही आलेले नाही. ‘पुतळ्यासारखा उभा काय राहिलास, पाणी आण’ एवढीच त्याची घरगुती किंमत! ‘मूर्तिमंत’ म्हणावे, तर पुढे करुणा किंवा आळस असले काही जोडावे लागते. उरला ‘शिल्पवत’. तो समीक्षकांचा. लग्नाच्या मांडवात नवरीला कुणी शिल्पवत म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

बोलणाऱ्यांनी मात्र आपली सोय केव्हाच करून ठेवली आहे, आणि तीही कारागिराच्या हाताकडे पाहून. रेखीव हा रेघेचा, म्हणजे मुळात चित्रकाराचा शब्द. घडीव म्हणजे ठोकून आकाराला आणलेला. वाड्याच्या जोत्याचा चिरा घडीव. ओतीव साच्यातले, घोटीव घासून गुळगुळीत केलेले. आणि कोरीव? या एकाच शब्दात काहीतरी काढून टाकल्याची खूण आहे.

सगळेच शिल्प कोरीव नसते, हे आपण विसरतो. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ १८९६च्या सुमारास गाजली, ती प्लास्टरची. आधी मातीवर माती चढवत घडवलेली, मग साच्यातून काढलेली. नऊवारीच्या चुण्या पाहून लोक ‘काय कोरीव काम!’ म्हणतात, पण तिथे कोरायला दगडच नव्हता.

उलट घारापुरीला जावे. सदाशिवाची ती तीन मुखे सुमारे साडेपाच मीटर उंचीची, आणि सगळी डोंगराच्याच काळ्या दगडातून काढलेली. जेवढा दगड नको होता तेवढा गेला. गेलेला परत चिकटवायची सोय नाही. याहून कोरीव ते काय असणार? पण मधला चेहरा नीट पाहा. भरलेले गाल, जाड खालचा ओठ, मिटलेल्या पापण्या. धार कुठेच नाही. आपण कोरीव म्हणतो ते टोकदार नाकाला, भुवयांना, हल्ली तर सलूनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या दाढीला! शब्द दगड कसा गेला ते सांगतो आहे आणि आपण त्यात नाकाची धार शोधतो आहोत.

हे मला उमगले ते आत्या गेल्यावर. तरुणपणी तिला सगळे ‘रेखीव’ म्हणत, आणि ती तशी होतीही. घरच्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढायची ठरली. त्यातल्या तिच्या शेवटच्या फोटोखाली दोन ओळी लिहायचे काम माझ्याकडे आले. गाल आत गेलेले, कपाळाचे हाड वर आलेले, ओठांच्या कडेला दोन खोल चरे. दोन मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. मी लिहिले, ‘आत्याचा कोरीव चेहरा’.

आतेबहीण चिडलीच. ‘‘अरे, हा शब्द देखण्या बायकांना लावतात. आईची चेष्टा करतोस का?’’

घारापुरीचे तिला काय सांगणार? मी फक्त फोटो पुढे केला. ती तो घेऊन खिडकीपाशी गेली. बराच वेळ पाठमोरी उभी होती. परत आली तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘‘यातली ‘री’ दीर्घच ना?’’